अण्णांची दुनळी आणि आमचं घर

सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, नावावर एक दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बारा बोअर बंदूक आहे. परवाना निफाड तालुक्यातल्या मळ्यात आमचं एकटंच घर होतं तेव्हाचा. आता आम्ही सगळे नाशकात, गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतो. बंदूकही सोबत आली आणि परवान्यावर नवीन पत्त्याची नोंद झाली. मळ्यातली सवय मोडणं मात्र त्या कागदांपेक्षा अवघड गेलं.

सवय अशी, की बंदूक माळ्यावर गाद्यांच्या मागे आणि काडतुसं देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात. "कुणाला माहितीये तिथं?" असं अण्णा म्हणायचे. पोरांना माहीत असतं! दिवाळीचा चिवडा कुठल्या डब्यात दडवलाय हे ज्यांना बरोबर कळतं, त्यांच्यापासून बंदूक लपत नाही. मी अण्णांना एवढंच म्हटलं, की लपवलेली वस्तू सापडू शकते, कुलपातली वस्तू सापडली तरी हाताला लागत नाही. ते दोन दिवस बोलले नाहीत. मग स्वतःच फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले.

आता भिंतीत बोल्ट मारून बसवलेलं लोखंडी कपाट आहे. दुनळीची पुढची लाकडी मूठ काढली की नळ्या दस्त्यापासून सुट्या होतात, म्हणून ती तशी सुटी करूनच ठेवतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या अण्णांच्या करगोट्याला असतात, आंघोळीलाही सुटत नाहीत. 2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षित साठवणुकीची जबाबदारी परवानाधारकावरच टाकली आहे, पण नियम नसता तरी मी हेच मागितलं असतं.

मला सगळ्यात जास्त काळजी खंडेनवमीची वाटते. त्या दिवशी कोयते, विळे, ट्रॅक्टर यांच्यासोबत बंदुकीचीही पूजा होते. घर पाहुण्यांनी भरलेलं, पोरं नुकतीच कालिकेच्या यात्रेत छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडून आलेली, आणि पाटावर झेंडूच्या माळेत खरी बंदूक! आमच्याकडे आता रीत ठरली आहे. काडतुसांचं कुलूप त्या दिवशी उघडायचंच नाही. अण्णा दुनळी जोडतात, नळ्या उघडायचा खटका सरकवून त्या खाली झुकवतात, दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो ना ते स्वतः बघतात आणि मग माझ्या नवऱ्याला बघायला लावतात. नळ्यांचं तोंड भिंतीकडे. हळदकुंकू, फुलं, आरती, आणि प्रसाद वाटायच्या आधी बंदूक परत कपाटात. गेल्या दसऱ्याला एका भाच्याला स्टेटससाठी बंदूक हातात घेऊन फोटो हवा होता. अण्णा म्हणाले, "पूजा केलीये ना तिची? मग हात जोड आणि बस." मला फार बरं वाटलं.

लग्नावरातीत हवेत बार काढणाऱ्यांना तर आमच्याकडे कुणी शूर म्हणत नाही. 2019 च्या दुरुस्तीपासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. ज्यांच्याकडे पिस्तूल आहे त्यांना एक कळकळीनं सांगते: मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, राहिलेली असू शकते. स्लाइड मागे ओढून आत डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा, आणि तोवर बोट चापापासून लांब ठेवा.

आता जे सांगायला जड जातं ते. द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्यांना गारपिटीचं वर्ष म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. काढणीला आलेला बाग अर्ध्या तासात जमिनीवर, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. अशा दिवसांत माणूस गप्प होतो. टोकाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. ती लाट ओसरेपर्यंत बंदूक घरात नसणं हे जीव वाचवणारं असतं. कुणी गप्प गप्प असेल, झोपत नसेल, तर परवानाधारकानं ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. त्यात अब्रू जात नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत आम्ही जमा करतोच की! त्या माणसाजवळ बसून बोलावं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर घरात सगळ्यांना माहीत असावा.

"पण बिबट्या आला तर?" असं गावाकडे हमखास विचारतात. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत, आहे. उसात दिसला तर वन विभागाला फोन करायचा, बंदुकीला हात लावायचा नाही.

अण्णांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे नियमानं वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. नवऱ्याला बंदूक ठेवायची आहे, आजोबांपासूनची आठवण म्हणून. मला ती घरात नको आहे, आणि हे मी दोघांसमोर स्पष्ट बोलले आहे. अजून ठरलेलं नाही. तोवर पोरांना कुणाकडे राहायला पाठवायचं असलं, की मी फोनवर आधी विचारते: तुमच्याकडे बंदूक आहे का, कुठे ठेवता, किल्ली कुणाकडे असते? काही नातेवाइकांना राग येतो. एका चुलत जावेनं मात्र दुसऱ्या दिवशी आमच्या फॅब्रिकेशनवाल्याचा नंबर मागून घेतला.