इटियाडोहवर पारखलेला समुद्राचा पोशाख

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी कोकण किनाऱ्यावर कयाक (अरुंद, वरून बहुतांशी बंद होडी) वल्हवण्याची तयारी इटियाडोह जलाशयात करता येते, आणि त्यासाठीचे साहित्यही तिथेच पारखून घेता येते. मासेमार ढिवरांच्या उघड्या डोंग्याला न लागणारी एक वस्तू सागरी कयाकला लागते, ती म्हणजे स्प्रे स्कर्ट. तो कमरेत घालून कॉकपिटच्या, म्हणजे बसण्याच्या पोकळीच्या, कडेवर ताणून बसवला, की लाट अंगावर फुटली तरी कयाकमध्ये पाणी भरत नाही.

निओप्रीनचा, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम रबराचा, स्कर्ट घट्ट बसतो आणि पाणी आत येऊ देत नाही, पण कमरेशी उकडते, आणि तो कडेवर चढवताना बोटांची परीक्षा होते. नायलॉनचा स्कर्ट हवेशीर, हलका आणि बहुधा स्वस्त असतो. मात्र त्यावर पाणी साचते आणि हळूहळू आत झिरपते. आपल्या हवामानासाठी कमरेचा भाग नायलॉनचा आणि कॉकपिट झाकणारा पडदा निओप्रीनचा, अशी मिश्र रचना मला अधिक पटते. मागवण्यापूर्वी कॉकपिटची लांबी-रुंदी कडेच्या बाहेरून मोजावी. ‘सर्वांना बसेल’ या आश्वासनावर विसंबू नये. कयाक उलटल्यावर पुढे वाकून स्कर्टच्या पुढच्या टोकाची ओढपट्टी आधी पुढे आणि मग वर खेचली असता स्कर्ट सुटला पाहिजे. म्हणून ती पट्टी नेहमी बाहेर ठेवावी, आणि ही सुटका जाणत्या सोबत्याच्या देखरेखीखाली उथळ पाण्यात घोटून घ्यावी. जो स्कर्ट स्वतःला सोडवता येत नाही, तो कितीही जलरोधक असला तरी घेऊ नये.

कपडे हवेकडे पाहून नव्हे, तर पाण्याचे तापमान पाहून निवडावेत, असा नियम आहे. परदेशी दुकानांतील ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा अंगभर पोशाख, थंड समुद्रांसाठी असतो; कोकणातील कोमट पाण्यात आणि कडक उन्हात तो घालणे म्हणजे स्वतःला उकडून घेणे होय. तिथे लांब बाह्यांचा, लवकर वाळणारा पॉलिस्टरचा सदरा, गळ्याशी बांधता येणारी टोपी आणि वाऱ्यासाठी पातळ जॅकेट पुरते. सुती सदरा मात्र टाळावा, कारण तो भिजून जड होतो आणि खाऱ्या पाण्याने काखेत घासतो. (मे महिन्यात डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळण्याची आपली सवय अर्थातच निराळी.) डिसेंबर-जानेवारीत पहाटे जलाशयावर सराव करणार असाल, तर बिनबाह्यांचा पातळ निओप्रीन सूट उपयोगी पडतो. लाइफ जॅकेट स्कर्टच्या कमरेच्या भागावरून घालावे.

समुद्रावरून परतल्यावर सर्व साहित्य गोड्या पाण्याने धुऊन सावलीतच वाळवावे. विदर्भातले ऊन निओप्रीनला मानवत नाही.