सिबिलमधली चूक: बोट नेमकं कुठे ठेवायचं

नाशिकरोड असो की सातपूर, कर्जाची फाइल अडली की लोक सिबिल स्कोअरचा आकडाच धरून बसतात. आकडा सोडा, रिपोर्टची आतली पानं वाचा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या या चार कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, एकीकडची चूक दुसरीकडे असेलच असं नाही.

कर्ज फिटलंय तरी शिल्लक दिसतेय? की 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' लिहिलंय? हे दुसरं जास्त वाईट, कारण बँकेने काही रक्कम सोडून दिली, असा त्याचा अर्थ. हप्त्यांच्या रकान्यात '०००' म्हणजे वेळेवर, '०३०' म्हणजे तीस दिवस उशीर. निफाड-दिंडोरीकडे एकाच नावाचे दोन चुलतभाऊ असले, की एकाचं ट्रॅक्टरचं कर्ज दुसऱ्याच्या रिपोर्टात जाऊन बसू शकतं. तिथे पॅन आणि जन्मतारीख ताडून पाहा.

तक्रार ऑनलाइन करताना रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर हाताशी ठेवा. पण सिबिल स्वतःहून काही खोडत नाही, बँकेचा होकार लागतो. म्हणून त्याच दिवशी शाखेतही लेखी अर्ज द्या, सोबत नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा) दाखला आणि कर्जखात्याचा उतारा. पोच घ्याच, तोंडी 'होऊन जाईल' कामाचं नाही. ३० दिवसांत निकाल नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. तरीही टोलवाटोलवी चालली, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवरून लोकपालाकडे.