आर्वीहून निघून: खालच्या डिव्हिजनचा एक मोसम

मोसम दसऱ्याला सुरू झाला आणि होळीला संपला. या पाच महिन्यांत वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या फुटबॉल संघाला बाहेरच्या सामन्यांसाठी पुलगाव, हिंगणघाट, कारंजा घाडगे, आष्टी आणि वर्धा असं फिरावं लागलं. तालुक्याच्या गावातून पहिल्यांदा संघ उतरवणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून हा वृत्तांत. डावपेच यात सापडणार नाहीत. या पातळीवर गुण जातात ते वॉकओव्हरमुळे, उजेड संपल्यामुळे आणि मैदान पायाखाली दगा देतं म्हणून. फोर-फोर-टू खेळायचं की फोर-थ्री-थ्री, हे त्यानंतरचं.

पहिला सामना ऑक्टोबरात, म्हणजे ऐन सोयाबीनच्या काढणीत. यादीत सोळा नावं असतात आणि बस स्टँडवर नऊ पोट्टे उभे असतात. उरलेल्यांपैकी कोणी हडंब्यावर (मळणीयंत्रावर), कोणी गंजीवर ताडपत्री झाकायला. फुटबॉलच्या नियमाप्रमाणे एका बाजूला किमान सात खेळाडू नसतील तर सामना सुरूच होत नाही. मग वॉकओव्हर, आणि बहुतेक स्पर्धांत तो ३-० असा लिहिला जातो. उशिरा आलेल्या संघाची किती मिनिटं वाट पाहायची हे प्रत्येक लीगच्या नियमावलीत वेगळं असतं. ते पान फोटो काढून मॅनेजरच्या मोबाइलमध्ये ठेवावं, कारण मैदानावर तोंडी वाद घालून कोणाला एक मिनिटही वाढवून मिळालेलं नाही.

यावर उपाय सप्टेंबरातच करायचा असतो. नोंदणी सोळांची नको, बावीस ते पंचवीस जणांची करावी. प्रत्येकाला तीन गोष्टी विचाराव्या: घरी सोयाबीन किती, कापूस वेचणीला मजूर लागतो की घरचेच जातात, आणि बारावीची परीक्षा आहे का. दिवाळीपूर्वी सोयाबीनवाले गळतात, डिसेंबरात कापूसवाले आणि फेब्रुवारीत बारावीवाले. तिन्ही गटांतले खेळाडू मिसळून घेतले तर कोणत्याही रविवारी तेरा-चौदा जण उभे राहतात. गोलकीपर मात्र दोन हवेतच, आणि दोघेही एकाच वावरातले भाऊ नसावेत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची खेळाडू नोंदणी ऑनलाइन सीआरएस प्रणालीत होते. आधारवरचं आणि जन्माच्या दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळत नसेल तर काम तिथेच अडतं. ‘गजाननराव’ आणि ‘गजानन’ एवढा फरकही पुरतो.

आता गाडी. पुलगाव पस्तीसेक किलोमीटर. आर्वी-पुलगाव नॅरोगेज बंद पडली, त्यामुळे रस्त्याशिवाय मार्ग नाही. एसटीने जाता येतं, पण सामना संपवून परतताना साध्या गाड्या गेलेल्या असतात आणि मुक्कामी गाडीची वाट पाहत बसावं लागतं. पूर्ण बस हवी असेल तर आगारात प्रासंगिक करार करता येतो. अर्ज आणि आगाऊ रक्कम आधी भरावी लागते, आणि सोळा-सतरा जणांसाठी तो महागच पडतो. काळीपिवळीत किंवा क्रूझरमध्ये संघ बसतो, पण जाळी, चेंडू आणि पाण्याचे जार मांडीवर येतात. लांबच्या सामन्याला सतरा सीटची ट्रॅव्हलर हाच बरा सौदा. ठरवताना जाण्या-येण्याचे किलोमीटर, चालकाचा भत्ता आणि थांबण्याचे पैसे वेगवेगळे विचारून घ्यावेत. भाडं देणार असाल तर नंबरप्लेट पिवळी आहे का बघा. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. छोटा हत्ती किंवा पिकअपच्या मागे पोट्टे भरून नेणं तर नकोच, ती मालवाहू गाडी आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा ‘आम्ही मागून मोटरसायकलने येतो’ म्हणणाऱ्यांना वेळ धरून जुन्या रस्त्याने आधी निघायला सांगावं.

हिंगणघाटचा सामना नोव्हेंबरच्या शेवटी होता. या दिवसांत तिथल्या बाजार समितीच्या आणि जिनिंगच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, वाहतूक तासन् तास तुंबते. आर्वीहून वर्धामार्गे अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. एरवीच्या वेळेत एक तास वाढवून निघावं. त्याचं कारण सूर्य. नोव्हेंबरअखेर वर्ध्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. पंचेचाळीस मिनिटांचे दोन हाफ, पंधरा मिनिटांची विश्रांती आणि पाच-सात मिनिटं वाया गेलेली धरली तर एक तास पन्नास मिनिटं होतात. साडेतीनला शिट्टी वाजली तर सामना पाच वीसला संपतो. चारला वाजली तर शेवटची वीस मिनिटं अंधारात. हाफ छोटे करायचे असतील तर ते सामना सुरू होण्याआधीच ठरवावं लागतं, आणि स्पर्धेच्या नियमात तशी मुभा हवी. मध्यंतरात ‘साहेब, पस्तीस-पस्तीस करू’ म्हणून चालत नाही.

काळ्या भारी जमिनीच्या पट्ट्यात मैदान म्हणजे वर्षभर हलणारी वस्तू. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे गोलचे खांब दर पावसाळ्यात थोडे वाकतात. घरच्या मैदानावर सामन्याच्या आदल्या दिवशी टेप घेऊन आडव्या दांड्याची उंची डाव्या खांबाशी, मध्ये आणि उजव्या खांबाशी मोजावी: २.४४ मीटर. दोन खांबांतलं आतलं अंतर ७.३२ मीटर, तेही जमिनीलगत आणि वर, दोन्हीकडे. खांब पुरताना खड्ड्यात काँक्रीटभोवती काळी माती परत लोटायची नाही, मुरूम ठोकून भरायचा. मुरूम फुगत नाही, खांब जागचा हलत नाही. हलवता येणारे गोल असतील तर मागे वाळूची पोती टाकून ते दाबलेच पाहिजेत. सुट्या गोलला मुलं लोंबकळतात आणि तो अंगावर येतो.

आखणीला दोन माणसं आणि दोन तास लागतात. शंभर बाय चौसष्ट मीटरचं मैदान पूर्ण आखलं तर सगळ्या रेघा मिळून सुमारे सातशे मीटर भरतात. पातळ रेघ मारली तरी पंचवीस किलोच्या तीन-चार गोण्या फक्की (आखणीची पांढरी पूड) लागते. कळीचा चुना कधीच वापरू नये, ओल लागली की तो कातडी आणि डोळे भाजतो. काटकोनासाठी नायलॉनच्या दोरीवर ६, ८ आणि १० मीटरच्या गाठी मारून त्रिकोण ताणावा. सुतळी दवाने आवळते आणि मग सैल पडते, म्हणून ती नको. चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजावे. शंभर बाय चौसष्टचा कर्ण ११८ मीटर ७३ सेंटिमीटर येतो. दोन कर्णांत हातभर फरक असेल तर मैदान तिरकं आहे, फक्की टाकण्याआधी खुंटी सरकवा. पेनल्टी बॉक्सचे साडेसोळा मीटर खांबाच्या आतल्या कडेपासून मोजायचे असतात, म्हणून बॉक्सची रुंदी ४०.३२ भरते. सगळ्यात जास्त चुकतो तो बॉक्सपुढचा अर्धगोल. त्याचं केंद्र बॉक्सच्या रेघेवर नसतं, ११ मीटरवरच्या पेनल्टी स्पॉटवर असतं. तिथे खिळा ठोकून ९.१५ मीटरची दोरी फिरवायची आणि बॉक्सबाहेर येईल तेवढीच रेघ उमटवायची.

जाळी बांधून झाल्यावर एकाने आत उभं राहून प्रत्येक चौकोनावर हात फिरवावा. चेंडू जाईल एवढं एक भोक राहिलं की गोल झाला की बाहेरून आला यावर अर्धा गाव मैदानात उतरतो. नायलॉनची दोरी आणि दाभण किटमध्ये असू द्यावं. प्रेक्षक रेघेवर येऊन उभे राहतात, त्यासाठी टचलाइनपासून दोन मीटरवर बांबू रोवून दोरी फिरवावी. चारही बाजूंनी साडेतीनशे मीटर दोरी लागते. एवढी नसेल तर निदान ज्या बाजूला झाडाची सावली आहे ती बाजू बांधावी, गर्दी तिथेच होते. संध्याकाळी गायकी गुरं घेऊन परततो त्याची वाटही आधीच विचारून ठेवा. गुरं मैदानात शिरली तर रेफ्री खेळ थांबवतो आणि ड्रॉप बॉलने पुन्हा सुरू करतो. तुमचा काउंटर अटॅक गेला तो गेलाच.

कारंजा आणि आष्टीकडे जमीन बदलते. बरड, मुरमाड, वर खडे. इथे लांब स्टडचे बूट घालून आलेला खेळाडू पहिल्या वीस मिनिटांत घोटा धरून बसतो, कारण स्टड जमिनीत रुततच नाही आणि पाय त्यावर डुगडुगतो. आखूड, दाटीने बसवलेले रबरी स्टड असलेले टर्फ बूट घ्यावेत. काळ्या ओल्या मातीतही लांब स्टडला चिखलाचे गोळे लागतातच, तेव्हा एकच जोड परवडत असेल तर तो आखूड स्टडचाच असू द्या. वॉर्म-अपऐवजी पहिलं काम खडे वेचण्याचं. सोळा जण चार-चार मीटरवर एका रांगेत उभे राहिले की चौसष्ट मीटर रुंदी भरते. हातात पिशवी घेऊन एका गोलपासून दुसऱ्यापर्यंत चालत गेलं की मैदान एका फेरीत साफ होतं.

खड्यांपेक्षा वाईट सराटे. पावसाळा संपला की हे काटे वाळून मातीच्या रंगाचे होतात, दिसत नाहीत, आणि चेंडूच्या ब्लॅडरमध्ये सरळ घुसतात. ओलं गोणपाट दोघांनी धरून मैदानावरून ओढत न्यावं, विशेषतः कॉर्नरच्या बाजूंना, जिथे गवत जास्त आणि वर्दळ कमी. गोणपाट उलटं करून पाहिलं की किती निघाले ते कळतं. तरीही तीन चेंडू न्यावेत. मुरमावर हाताने शिवलेला चेंडू महिन्याभरात शिवणीतून फाटतो, रबरी मोल्डेड टिकतो. तो उसळतो जास्त, म्हणून सरावही त्याच चेंडूने करावा. पाच नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम, हवेचा दाब साधारण साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय. खडकाळ मैदानावर नऊ-दहा ठेवली तर चेंडू ताब्यात राहतो. पंपाची सुई ग्लिसरीनच्या थेंबाने ओली करूनच घालावी. कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते आणि मग दोष काट्याला दिला जातो.

मुरमावर घसरून पडलं की मांडी सोलवटते. साबण आणि भरपूर स्वच्छ पाण्याने खडे निघेपर्यंत धुवावं. हळद-चुना लावणारे काका प्रत्येक मैदानावर असतात, त्यांना नम्रपणे बाजूला करा. धनुर्वाताची लस घेतली आहे का हे नोंदणीच्या वेळीच लिहून ठेवलं तर रात्री दवाखाना शोधावा लागत नाही. मुरगळल्यावर बर्फ थेट कातडीवर ठेवू नये, फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, मग दहा सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज.

इकडचा फायदा एकच. सामना आंब्या बहराच्या तोडणीच्या दिवसांत आला तर मध्यंतराला संत्री शेताच्या धुऱ्यावरून मिळतात. परतीचा रस्ता मात्र संभाळून. अंधार पडला की रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर आडवे येतात, रोहीला धडकलेली गाडी दुरुस्तीत मोसमाचं बजेट खाते. चालकाला आधीच सांगा की साठच्या वर जायचं नाही.

खाण्याचं थोडक्यात: साडेतीनच्या सामन्याला जेवण साडेबारापर्यंत उरकावं, वरण-भात-पोळी, दोन वाजता एखादं केळं. तर्री-पोहे आणि सावजी परतीच्या वाटेवर.

वर्ध्याच्या सामन्यात अडचण आली ती कपड्यांची. दोन्ही संघ निळ्या जर्सीत. म्हणून दुसऱ्या रंगाचा संच नाहीतर निदान बारा बिब्स (जर्सीवरून घालायच्या बंड्या) गाडीत असाव्यात. रेफ्री शिन गार्ड तपासतो, ते नसतील तर खेळाडू बाहेर. कडं, ताईत, गळ्यातली माळ, कानातली बाळी काढावीच लागते, वरून चिकटपट्टी लावलेलीही चालत नाही. हे घरून निघतानाच सांगावं. मैदानावर ताईत काढायला लावला की पोट्टा बिथरतो आणि पहिली दहा मिनिटं खेळतच नाही. पिवळ्या कार्डांची वही मॅनेजरने स्वतः ठेवावी. निलंबित खेळाडू चुकून उतरला तर जिंकलेला सामना कागदावर जातो.

मार्चमध्ये परत काळ्या मातीत आलं की भेगा पडलेल्या असतात, काही ठिकाणी बूट आडवा जाईल एवढ्या. त्या दगडांनी भरू नयेत. बारीक चाळलेला मुरूम आणि तिथलीच वाळलेली माती निम्मी-निम्मी मिसळून भेगेत ठासावी, संध्याकाळी पाणी शिंपडावं आणि सकाळी वाफसा आला की रोलर फिरवावा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि कंबरेच्या उंचीवरून सोडला की फुटावा, तेव्हा वेळ बरोबर. त्याआधी फिरवला तर माती रोलरला चिकटून पोपडे निघतात, उशीर झाला तर रोलर नुसता खडखडत जातो.

उन्हात चेंडूही फुगतो. सकाळी बारा पीएसआय भरलेला चेंडू दुपारी तापून चौदावर जातो, म्हणून हवा सामन्याच्या जागी, सामन्याच्या वेळी मोजा. पाणी माणशी दीड लिटर धरून वीस लिटरचे दोन जार. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात, कमी-जास्त नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. रेफ्रीकडे कूलिंग ब्रेकची विनंती सामन्याआधी करावी, तो दीड ते तीन मिनिटांचा असतो. कोणी बडबडायला लागला, तोल जाऊ लागला तर तो दमलेला नाही, त्याला ऊन लागलं आहे. सावलीत आडवा करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी दवाखान्याकडे वळवा.

शेवटच्या सामन्यानंतर जाळी धुऊन, पूर्ण वाळवून, गोणीत बांधून आढ्याला टांगावी. कुटाराच्या (भुशाच्या) खोलीत नुसती ठेवली तर उंदीर तीत घर करतात आणि सप्टेंबरात नवी घ्यावी लागते.