सबनॉटिका: खाली खाली नेणारा खेळ

जगून राहण्याच्या आणि वस्तू बनवण्याच्या व्हिडिओ खेळांचा एक ठरलेला प्रवास असतो. लाकूड आणि दगड गोळा करायचे, निवारा उभारायचा, अधिक धारदार हत्यार घडवायचे आणि मग आपल्या कुंपणाबाहेर थोडे अधिक दूर जायचे. समुद्रावरचे खेळही बहुतेक वेळा याच आडव्या वाटेने जातात. रेडबीट इंटरॅक्टिव्ह या स्वीडिश स्टुडिओचा ‘राफ्ट’ मला आवडतो, पण त्यातला समुद्र मुख्यतः पृष्ठभाग आहे, ज्यावर तराफा तरंगतो आणि वाहून येणाऱ्या फळ्या आकड्याने ओढून घेतल्या जातात. ‘सबनॉटिका’ने ही दिशाच बदलली. या खेळात पुढे जाणे म्हणजे खाली जाणे; आपण किती पुढे आलो याचे उत्तर तो मीटरमधल्या खोलीत देतो, आणि आपण बनवलेली जवळपास प्रत्येक वस्तू आणखी काही मीटर खाली उतरण्याची परवानगी असते. समुद्राखालच्या खेळांत मला हा सर्वश्रेष्ठ का वाटतो, याचे मूळ कारण हेच आहे.

अननोन वर्ल्ड्स एंटरटेनमेंट या कंपनीने हा खेळ डिसेंबर 2014 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुऱ्या अवस्थेतच खेळाडूंसाठी खुला करून, आणला आणि जानेवारी 2018 मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. कथेची सुरुवात साधी आहे. ऑरोरा नावाचे अवाढव्य अंतराळयान 4546बी या जलमय ग्रहावर कोसळते, आपण एका लाइफपॉडमधून वाचतो, आणि पॉडची झडप उघडली की चारही बाजूंना पाणी आणि दूरवर जळणारे यान एवढेच दिसते. हाताशी एक फॅब्रिकेटर असतो, जो कच्च्या मालापासून वस्तू छापून देतो, आणि छातीत 45 सेकंदांचा श्वास.

या 45 सेकंदांवर सगळ्या खेळाचा पाया आहे. इतर खेळांत भूक आणि तहान यांचे आकडे सावकाश उतरतात, त्यामुळे त्यांची चिंता पुढे ढकलता येते. श्वासाची चिंता पुढे ढकलता येत नाही. पाण्यात शिरल्या क्षणापासून प्रत्येक निर्णय हा परतीच्या हिशेबासह घ्यावा लागतो: समोर दिसणारा चुनखडीचा गोळा फोडून त्यातून तांबे मिळते का हे पाहायचे, की आत्ताच वर वळायचे? पहिली साधी टाकी बनवली की हा अवकाश 75 सेकंदांचा होतो, मोठ्या टाकीने 135 सेकंदांचा, आणि त्या वाढलेल्या एका मिनिटात आधी अशक्य असलेला एखादा कडा, एखादी गुहा अचानक आवाक्यात येते. मग खेळ एक अट घालतो. शंभर मीटरखाली ऑक्सिजन अधिक वेगाने संपू लागतो, आणि तो वेग रोखण्यासाठी रीब्रीदर नावाचा मुखवटा लागतो. शिवाय गुहेत आणि बुडालेल्या अवशेषांत वर म्हणजे पृष्ठभाग नसतो, वर म्हणजे खडकाचे किंवा पोलादाचे छत असते. उघड्या पाण्यात पुरेसा वाटणारा श्वास तिथे पुरत नाही, कारण बाहेर पडण्याचा रस्ता लक्षात ठेवण्यातही तो खर्च होत असतो. अवशेषाच्या तिसऱ्या खोलीत शिरताना दारांची संख्या मनात मोजणे ही सवय मला याच खेळाने लावली.

वस्तू बनवण्याच्या कृतींत रचनाकारांची बुद्धिमत्ता सर्वांत स्पष्ट दिसते. पहिला चाकू बनवायला टायटॅनियम आणि सिलिकॉन रबर लागते. रबर मिळते क्रीपव्हाइन या उंच शेवाळाच्या चमकणाऱ्या बियांपासून. आणि क्रीपव्हाइनचे जंगल हे स्टॉकर नावाच्या लांब जबड्याच्या माशांचे घर आहे. दुरुस्तीच्या साधनासाठी गंधक लागते, आणि ते मिळते उथळ गुहांतल्या अशा घरट्यांत, जिथून एक मासा बाहेर झेपावून अंगाजवळ स्फोट करून घेतो. म्हणजे साहित्याची यादी वाचताना आपण खरे तर पुढच्या भयाचा पत्ता वाचत असतो. खेळ कुठेही ‘आता इकडे जा’ असे बजावत नाही. गरजच आपल्याला सुरक्षित उथळ पाण्यातून बाहेर काढते.

या साखळीतला माझा सर्वांत आवडता दुवा काचेचा आहे. सायक्लॉप्स ही मोठी पाणबुडी बांधण्यासाठी जी मजबूत काच लागते, तिच्यात साध्या काचेबरोबर स्टॉकरचा दात लागतो. कुणालाही वाटेल की दातासाठी मासा मारावा लागेल. प्रत्यक्षात स्टॉकरला भंगार धातूचे तुकडे तोंडात धरून मिरवण्याची आवड आहे, आणि असा तुकडा चावताना त्याचा दात कधीकधी गळून तळावर पडतो. त्याच्या वावराच्या जागी भंगार टाकायचे, थोडे दूर थांबून निरीक्षण करायचे आणि वाळूतून दात वेचायचे, एवढेच काम असते. ज्याने या माशाला न्याहाळले त्याला काच मिळते; ज्याने चाकू चालवला त्याला दात मिळत नाही. एका क्षुल्लक वाटणाऱ्या घटकातून खेळाची सगळी नीती समजते, आणि ती समजावण्यासाठी एकही संवाद खर्च झालेला नाही.

हत्यारांबाबतचा निर्णय तर जाणूनबुजून घेतलेला होता. याच कंपनीचा 2012 मधला ‘नॅचरल सिलेक्शन 2’ हा सैनिक आणि परग्रहवासी यांच्यातल्या गोळीबाराचा खेळ होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत गोळीबार झाला, आणि ‘सबनॉटिका’चे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी पुढे सांगितले आहे की त्या घटनेनंतर जगात आणखी बंदुकांची भर घालण्याची त्यांची इच्छा उरली नव्हती. त्यामुळे इथे जीव घेणारी बंदूक नाही. प्राण्याला काही काळ गोठवून ठेवणारी स्टॅसिस रायफल आहे, वस्तू ढकलणारी साधने आहेत, पण लेव्हायथन वर्गातला प्रचंड प्राणी कुणी चिकाटीने मारलाच, तरी त्याच्यापासून काहीही मिळत नाही. बक्षीस नसले की मारण्याचा मोह आपोआप ओसरतो, हे ओळखण्यात मला रचनाकारांची मोठी परिपक्वता दिसते.

हत्याराची जागा इथे स्कॅनरने घेतली आहे. हे साधन प्राण्यावर, वनस्पतीवर किंवा मोडक्या यंत्राच्या तुकड्यावर काही क्षण रोखून धरले की त्याची माहिती नोंदवहीत जमा होते, आणि यंत्रांच्या बाबतीत पुरेसे तुकडे स्कॅन केल्यावर ब्लूप्रिंट, म्हणजे ते यंत्र बनवण्याचा आराखडा, उलगडते. मात्र स्कॅन करायला जवळ जावे लागते, आणि जवळ जायला धीर लागतो. नोंदीही वाचण्याजोग्या आहेत. रीपर लेव्हायथनची डरकाळी ही त्याची सोनारसारखी ज्ञानेंद्रिय-यंत्रणा असल्याचे तिथे लिहिलेले आहे, म्हणजे आपल्याला ती ऐकू येत असेल तर त्यालाही आपण कुठे आहोत हे कळलेले असू शकते. ही नोंद वाचल्यानंतर ऑरोराच्या आसपासच्या गढूळ पाण्यातून जाण्याची माझी पद्धत पूर्णपणे बदलली: तळाजवळून जाणे, दिवे मालवणे, आणि डरकाळी ऐकू आली की थबकण्याऐवजी दिशा ओळखून बाजूला होणे.

आवाजाच्या बाबतीत खेळाने वास्तवापासून शहाणपणाने फारकत घेतली आहे. खऱ्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,500 मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे दोन्ही कानांपर्यंत पोहोचण्यातला वेळेचा फरक इतका कमी होतो की माणसाला आवाजाची दिशा ठरवणे कठीण जाते. खेळात मात्र हेडफोन लावले की डावीकडची हालचाल डावीकडेच ऐकू येते, आणि ते आवश्यकच होते, कारण ऐकणे हेच इथले मुख्य संरक्षण आहे. त्याचप्रमाणे वेगाने वर आल्यावर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन खोल बुडी मारणाऱ्या माणसांना जो विकार होतो, तो खेळातून वगळलेला आहे. तो ठेवला असता तर प्रत्येक फेरीनंतर ठरावीक उंचीवर थांबत वर यावे लागले असते आणि 45 सेकंदांची सगळी रचना कोसळली असती. मला ही सूट पूर्णपणे योग्य वाटते.

दाबाचे मात्र तसे नाही. दाब हा या खेळाचा खरा पहारेकरी आहे. समुद्रात दर 10 मीटरला दाब साधारण पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो, म्हणजे 200 मीटरवर तो पृष्ठभागाच्या सुमारे एकवीसपट असतो. सीमॉथ ही एका माणसाची छोटी, चपळ पाणबुडी नेमकी या 200 मीटरवर अडते. तिच्यात एकेक मॉड्यूल बसवले की ती मर्यादा 300, 500 आणि शेवटी 900 मीटरपर्यंत जाते, आणि त्यापुढे तिचा निरोप घ्यावा लागतो. प्रॉन सूट हे चालते चिलखत आणि सायक्लॉप्स यांना सुधारणा करत 1,700 मीटरपर्यंत नेता येते. मर्यादा ओलांडताना ऐकू येणारी धातूची करकर मी कधीही सहजतेने घेऊ शकलो नाही. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हे सगळे आकडे मनात भूगोलासारखे बसतात. ‘पाचशे मीटर’ म्हटले की मला संख्या आठवत नाही, तिथला काळोख आठवतो.

हा काळोखही अभ्यासपूर्वक रंगवलेला आहे. सूर्यप्रकाशातला लाल रंग पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो आणि निळा सर्वांत खोल पोहोचतो. खऱ्या समुद्रात साधारण 200 मीटरखाली प्रकाशसंश्लेषणाला पुरेसा उजेड उरत नाही. खेळातले उथळ पाणी प्रवाळांच्या सगळ्या रंगांनी भरलेले आहे, आणि जसजसे खाली जावे तसतसा बाहेरचा प्रकाश संपून जीवांचा स्वतःचा प्रकाश सुरू होतो. लॉस्ट रिव्हर हा सांगाड्यांनी भरलेला भूगर्भातला प्रदेश या दृष्टीने माझ्या मते खेळातला सर्वोत्तम भाग आहे. तिथे पाण्याच्या आत, पाण्याहून जड अशा खाऱ्या द्रवाची हिरवट नदी वाहते, आणि ती पूर्णपणे कपोलकल्पित नाही, कारण मेक्सिकोच्या आखाताच्या तळावर अतिखाऱ्या पाण्याची अशी तळी खरोखर आहेत, ज्यांना स्वतःचा काठ आणि पृष्ठभाग असतो. त्याखालचे तप्त लाव्हाचे प्रदेश पाहताना 1977 मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळावर सापडलेल्या उष्णोदक झऱ्यांची आठवण होते. सूर्याशिवाय, पृथ्वीच्या पोटातून मिळणाऱ्या रसायनांवर जगणारी जीवसृष्टी तिथे संशोधकांना दिसली होती.

खेळात नकाशा नाही, यावर अनेकांचा आक्षेप असतो. मला तो आक्षेप पटत नाही. होकायंत्र मिळतो, बीकन, म्हणजे जागा दाखवणाऱ्या खुणा, रोवून त्यांना नावे देता येतात, आणि उरलेले काम डोळ्यांनी करायचे असते: ऑरोराचे टोक कोणत्या बाजूला आहे, लाल गवताचे पठार कुठे संपते, खडकाची कमान ओलांडल्यावर तळ कोणत्या दिशेला उतरतो. नकाशा दिला असता तर आपण त्या कागदावरच्या ठिपक्याकडे पाहत पोहलो असतो आणि समुद्र नजरेआड गेला असता. आपल्या बीकनांची नावे वाचली की आपण कशाला घाबरलो होतो आणि कशावर लुब्ध झालो होतो याचा इतिहासच समोर येतो.

बेस, म्हणजे पाण्याखालचे आपले ठाणे, बांधण्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यात खेळाचे प्राण नाहीत. काचेच्या भिंती सुंदर दिसतात पण ढाच्याची मजबुती घटवतात, आणि जितक्या खोलवर बांधावे तितकी ती अधिक घटते, हा नियम चांगला आहे. उथळ पाण्यात सौर पॅनल आणि खोलवर औष्णिक वीज, ही विभागणीही समर्पक आहे. पण मध्यावर टायटॅनियमसाठीच्या फेऱ्या आणि कपाटांतली उलथापालथ कंटाळवाणी होते. पहिल्यांदा खेळताना तरीही भूक आणि तहान असलेला सर्व्हायव्हल मोडच निवडावा, असे मी सुचवेन, कारण सुरुवातीला तीच आपल्याला बाहेर ढकलते.

कथा रेडिओवरचे संदेश, सोडून दिलेल्या ठिकाणांतल्या नोंदी आणि आपल्या शरीरात शिरलेला एक जीवाणू यांतून हळूहळू उलगडते. शेवट मी उघड करणार नाही. मात्र एवढे सांगायला हवे की सुटकेची वाट कुणाला तरी हरवून मिळत नाही, एका प्राण्याला समजून घेऊन मिळते, आणि त्यामुळे बंदुका वगळण्याचा निर्णय शेवटी कथेच्या पातळीवरही सार्थ ठरतो. मे 2021 मध्ये आलेल्या ‘बिलो झीरो’ या पुढच्या भागात बर्फाखालचे पाणी देखणे आहे, पण त्यात जमिनीवरचा वावर वाढला आणि बोलकी नायिका आली, त्यामुळे एकटेपणाची धार बोथट झाली. म्हणून सुरुवात मूळ खेळापासूनच करावी, इंटरनेटवरचे नकाशे तेवढ्या काळापुरते दूर ठेवावेत, आणि हेडफोन मात्र चांगले घ्यावेत.