हलका आणि भक्कम: तुम्ही विचारलेत म्हणून

"काका, स्कोपसाठी हलका आणि भक्कम ट्रायपॉड कोणता घेऊ?" किनाऱ्यावर भेटणारा जवळजवळ प्रत्येक नवा पक्षिनिरीक्षक मला हे विचारतो (स्कोप म्हणजे दूरचे पक्षी पाहायची, ट्रायपॉडवर बसवायची एकनळी दुर्बीण) आणि मी दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटका करून घेतो. ती दोन वाक्ये एकमेकांच्या विरुद्ध असतात, अशी तक्रार आता माझ्या कानावर आली आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. आणि हो, मला कोणत्याही दुकानदाराकडून काही मिळत नाही.

तुम्ही जी परीक्षणे वाचून याद्या करून आणता, त्यांतील बरीचशी अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत हरणे आणि एल्क हुडकणाऱ्या शिकाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय मिटवला, परंतु उपकरणे तीच असल्यामुळे आपण सल्लाही तोच उचलतो. तो शिकारी सामान पाठीवर घेऊन दिवसभर चढतो, म्हणून त्याला वजन नको असते. मात्र एकदा जागा धरली की तो उतारावर बसून, ट्रायपॉडचे पाय जेमतेम उघडून समोरचा डोंगर न्याहाळतो. खालच्या बारीक नळ्या आतच राहतात. आपण ओल्या वाळूत उभे राहतो, पाय शेवटपर्यंत ओढतो, तेवढ्याने भागले नाही की मधला दांडाही वर काढतो, आणि नंतर ट्रायपॉडला नावे ठेवतो.

आंजर्ल्याची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी अर्धवट ऐकलेली आहे. जोग नदीच्या मुखाशी उधाणाची भरती चढत होती आणि हिवाळी पाहुण्या चिखल्या पक्ष्यांचा थवा पाण्यामुळे मागे सरत सरत वाळूच्या एका उंचवट्यावर गोळा झाला होता. त्यांतील एकाच्या पायात अक्षरे कोरलेली पट्टी होती. अशी पट्टी पूर्ण वाचून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवली, तर तो पक्षी कधी आणि कुठे पकडून सोडला होता हे कळू शकते. अर्धवट वाचली, तर तिचा उपयोग जवळजवळ नसतोच. माझ्याजवळ ८५ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाचा, सुमारे दोन किलोंचा स्कोप होता आणि त्याखाली पाच टप्प्यांचा, म्हणजे प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या पाच नळ्यांचा, कार्बन फायबरचा, अत्यंत हलका ट्रायपॉड. मतलई वारा थांबून खारा वारा सुरू झाला होता. पहिले अक्षर दिसले, दुसरे दिसले. तिसरे कधी इंग्रजी बी वाटे, तर कधी आठाचा आकडा. मोठेपणा वीसपटीवर आणला की अक्षर पुरेसे मोठे दिसेना, चाळीसपटीवर नेला की थरथरू लागे. मी दांडा खाली घेतला आणि गुडघ्यांवर बसलो, तर मधल्या वाळूच्या वरंब्याआड पक्ष्याचे पायच दिसेनात. पुन्हा उभा राहून दांड्याच्या आकड्याला पिशवी अडकवली, तर तीच वाऱ्याने झुलू लागली आणि थरथर वाढली. सोबतचे निवृत्त मास्तर वहीत पहिली दोन अक्षरे लिहून, पेन्सिल तशीच टेकवून थांबले होते. "बी लिहू का?" असे त्यांनी विचारले, आणि मी काही बोलण्याआधी एक घार खालून गेली व सगळा थवा उठला. त्या वहीत ती जागा अजून रिकामी आहे.

तरीही त्या खरेदीचा मला पश्चात्ताप नाही. त्या वेळी खांदा दुखत होता, सुरूच्या बनातून वाळू तुडवत लांब चालायचे होते, आणि जड ट्रायपॉड असता तर कदाचित मी घरीच बसलो असतो. आज भक्कमपणाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मला तेव्हाचा मी हेच सुनावतो, आणि त्याला द्यायला माझ्याजवळ पुरेसे उत्तर नाही.

एवढे मात्र ठामपणे सांगतो की वजन कमी करायचे असेल तर ते स्कोपमध्ये करा. मधल्या वजनाच्या ट्रायपॉडवरचा ६५ मिलिमीटरचा स्कोप काटकुळ्या पायांवरच्या ८५ पेक्षा वाऱ्यात जास्त दाखवतो. नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर तिचा ताठपणा सुमारे आठपट होतो. उलट वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून दुकानात सर्वांत खालची नळी ओढून तिची जाडी पाहा. किती किलो पेलतो हा छापील आकडा सोडून द्या, कारण प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने काढते. टप्पे तीन असावेत, फार तर चार. स्कोपला बोटाने टिचकी मारा आणि चित्र किती लवकर स्थिरावते ते पाहा. टिचकी न मारताही चित्र उकळताना दिसत असेल, तर ती तापलेली हवा आहे. उन्हे चढल्यावर कोणताही ट्रायपॉड त्यावर इलाज नाही.

कार्बन गंजत नाही, हे खरे. पण त्याला जोडलेले ॲल्युमिनियमचे सांधे खाऱ्या पाण्यात पांढरी पूड धरतात, आणि कार्बनच्या संगतीने ते अधिकच लवकर झिजतात. पायांच्या नळ्या पक्क्या करणाऱ्या, पिळून आवळायच्या कड्यांत वाळू शिरते, म्हणून मला खटक्याच्या पट्ट्या बऱ्या वाटतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणे दोन्हींना चुकत नाही.

आता सड्यावर कातळावर बसून समुद्रगरुडाच्या घरट्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाला यातील निम्मे लागूच पडत नाही; त्याला शिकाऱ्याचाच ट्रायपॉड पुरेल. तेव्हा पुढच्या वेळी कंपनीचे नाव विचारण्याआधी, तुम्ही बसून पाहणार की उभ्याने, एवढे मला सांगा.