दुसरा जामीनदार

एडिंबरा विद्यापीठाचं ऑफर लेटर एप्रिलमध्येच आलं होतं. सार्वजनिक आरोग्य, एक वर्षाचा मास्टर्स. आई आशा सेविका आहे. तिच्या नोंदवह्या भरून देता देताच हा विषय माझ्या मनात बसला. तिकडची फी भरण्याची ऐपत आमच्या घराची नव्हतीच. आधार एकच, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. राज्याचा सामाजिक न्याय विभाग अनुसूचित जातींच्या 75 मुलामुलींना ती देतो. फी, विमानभाडं आणि ब्रिटनसाठी वर्षाला 9,900 पौंड निर्वाह भत्ता.

इंग्रजीच्या परीक्षेची मला धास्ती होती, ती सहज झाली. अडलं ते वडिलांच्या नावावर. उत्पन्नाच्या दाखल्यात नावापुढं 'राव' होतं, जात पडताळणीच्या प्रमाणपत्रात नव्हतं. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करून देण्यात तालुक्याला तीन खेपा झाल्या. अर्ज करणार असाल तर सगळे कागद समोर मांडून नावं अक्षरन् अक्षर ताडून बघा. हे आजच करा.

यादीत नाव लागलं. पेढे वाटले. मग करारनाम्यासाठी दोन जामीनदार शोधायला निघालो. पहिले मामा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. दुसरा मिळेना. पोरीचं कौतुक सगळे करायचे, कागद वाचला की "बघू, सांगतो" म्हणायचे. त्यांच्यावर माझा राग नाही. ज्याच्याकडे पत्र्याचं घर आणि दोन शेळ्या आहेत, त्यानं कशाच्या जोरावर सही करायची?

शेवटी वडील मला अण्णांकडे घेऊन गेले. अण्णांच्या शेतावर ते अकरा वर्षं सालगडी होते. ओसरीवर बसा म्हटलं तरी वडील बसले नाहीत. 1921 साली लंडनमध्ये शिकताना बाबासाहेबांनी शाहू महाराजांना पत्र लिहून 200 पौंड कर्जाऊ मागितले होते, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. ते पत्र लिहिताना त्यांचा हात किती जड झाला असेल, ते मला त्या ओसरीवर कळलं.

अण्णांनी कागद दोनदा वाचला.

"पोरीनं करार मोडला तर पैसे मी भरायचे, असंच ना?"

"होय अण्णा."

ते आत गेले आणि सातबारा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी ऐपत दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत आमच्याबरोबर दुपारपर्यंत उभे होते. साठी ओलांडलेला माणूस.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा वर्ग सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते. व्हिसा कसाबसा वेळेत झाला. पहिला हप्ता येईपर्यंतचं भाडं मामांनी दिलं. तेवढी सोय प्रत्येकानं आधीच करून ठेवावी, खोलीवाला थांबत नाही.

अण्णांना मी महिन्यातून एकदा फोन करते. पाऊस किती झाला, सोयाबीनला काय भाव मिळाला, ते सांगतात. परत कधी येणार, असं त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.