उलटी बाजू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलंत आणि डोळ्यांपुढे आली ती शिवणाची खोली, अन् आमच्या बाई. बाकी शाळेबद्दल इतर मैत्रिणी लिहितीलच.

आठवीत कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी हकाबॅकचं कापड हाती दिलं. त्यावरच्या भरतकामालाच स्वीडिश भरतकाम म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. या कापडावर ओळीने दोन-दोन उभे धागे सुटे उचललेले असतात. बाई त्यांना 'पूल' म्हणायच्या. बोथट सुई पुलाखालून न्यायची, पाठीमागे उतरू द्यायची नाही. आधी सरळ टाका, मग नागमोडी, मग फास. खालच्या पुलातून वरच्या पुलात जायचं. परतताना शेजारच्या पुलात उतरलं तर उघडा फास, त्याच पुलात उतरलं तर बंद. दोऱ्याचा मध्य कापडाच्या मध्यावर धरून दोन्ही अंगांना भरत जायचं, म्हणजे अधेमधे जोड येत नाही.

फासाला दोरा रुंदीच्या अडीचपट घ्या, असं बाईंनी बजावलं होतं. आईने लाल दोऱ्याची एकच लडी आणून दिलेली, म्हणून मी दीडपटच कापला. काठ चार बोटं उरला असताना दोरा संपला. मी मागे गाठ मारून नवा जोडला. बाईंनी नॅपकिन उलटा केला आणि अंगठा फिरवत नेला. गाठीपाशी तो थांबला.

रागावल्या नाहीत. मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्यांनी ती ओळ स्वतः उसवली, एकही पूल न तुटू देता. मग आपल्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा काढून मला दिला. "अपुरा पडला तर सांगायचं गं, गाठ कशाला मारायचीस?"

आज दर शनिवारी आमच्या सोसायटीतल्या अकरा जणी माझ्याकडे हे भरतकाम शिकतात. नातीसाठी मंक्स क्लॉथ या सैल विणीच्या सुती कापडावर पांघरूण भरलं. ते कापड धुतल्यावर आटतं, म्हणून आधी धुऊन घेतलं. बाईंना दाखवायचं राहून गेलं, ते फार सलतं. शिवणाच्या खोलीत आता संगणक आहेत असं ऐकलं. संगणक हवेतच, पण मुलींच्या हातून सुई जायला नको होती.

तो नॅपकिन प्रदर्शनासाठी सोबत पाठवते आहे. कृपया उलटा मांडावा.